कुत्र्याचं पोट बिघडल्यावर लाल भोपळा द्यावा का? आमचा इंडी (देशी कुत्रा) १० किलोचा आहे, कालपासून पातळ शी करतोय. (ठाणे)

हो, द्या, पण नुसता वाफवलेला आणि चमच्याने मोजून: १० किलोच्या कुत्र्याला एका जेवणात एक मोठा चमचा, भातात कालवून. भोपळ्यातला विरघळणारा तंतू आतड्यातलं पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पातळ शी आळते, आणि बद्धकोष्ठ असेल तर तोच ओलावा कडक शी मऊ करतो. मात्र पाण्याचं भांडं कायम भरलेलं हवं. माझ्या दोन्ही कुत्र्यांना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. परदेशी लेखांत डब्यातला भोपळा सांगतात, त्याच्या मागे लागू नका. जांभळी नाक्याच्या मंडईतून पावभर फोड आणा, साल, बिया आणि मधले धागे काढा, कुकरला दोन शिट्ट्या करा आणि बोटाला गाठ लागणार नाही इतकं घोटा. मीठ, तेल, फोडणी काही नको. घरातली भाजी तर अजिबात नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. घारगेही नकोत. आणि लवकर बरं वाटावं म्हणून चमचे वाढवू नका, जास्त तंतूने शी उलट पातळ होते.

एक मात्र कटाक्षाने पाळा. उलट्या, शीमध्ये रक्त, मलूलपणा यांपैकी काहीही दिसलं किंवा दोन दिवसांत फरक पडला नाही, तर थेट डॉक्टरांकडे न्या. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका, पार्व्हो (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा जुलाब) असू शकतो.