चाळीस जणांची मोहीम आणि लुटीची वाटणी

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. दर बुधवारी मध्यरात्रीनंतर तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या खेळात युरोपातल्या एका ४० जणांच्या गटाबरोबर ‘रेड’ला, म्हणजे राक्षस मारण्याच्या सामूहिक मोहिमेला बसतो. गेले चार आठवडे त्याला त्यातून एकही वस्तू मिळालेली नाही, तरी तो चुकत नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली इतकी माणसे एकत्र कशी टिकतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लढाईपुरते एकत्र राहणे त्या मानाने सोपे असते, कारण तिथे खेळाची रचनाच माणसाला शिस्त लावते. राक्षसाचे घाव अंगावर घेणारा ‘टँक’, जखमा भरून काढणारा ‘हीलर’ आणि प्रहार करणारे बाकीचे, अशी कामे वाटलेली असतात; प्रहार करणाऱ्याने उतावीळपणे टँकपेक्षा जास्त रोष ओढवून घेतला, तर राक्षस त्याच्याकडेच वळतो. ‘मोल्टन कोअर’ या मोहिमेतला बॅरन गेडन तर एखाद्या खेळाडूचाच बॉम्ब करतो, आणि त्या खेळाडूने सोबत्यांपासून तत्काळ दूर पळायचे असते, नाहीतर स्फोटात शेजारचेही होरपळतात.

खरी कसोटी राक्षस मेल्यावर लागते. माणसे ४० आणि त्याच्याकडून लुटीत मिळणाऱ्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय तीच मोहीम पुन्हा करायला पुढचा आठवडा उजाडावा लागतो. भिशीत पहिल्याच महिन्यात रक्कम उचलून पुढचे हप्ते चुकवणाऱ्याची जी धास्ती असते, तीच इथेही असते. त्यावर खेळाडूंनी स्वतःच तोडगा काढला. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात ड्रॅगन मारायला हजर राहणाऱ्यांना गुण देण्याची आणि वस्तू घेताना ते गुण खर्च करण्याची पद्धत सुरू झाली, म्हणून तिचे नाव ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, म्हणजेच डीकेपी. खेळाच्या आत या गुणांची नोंदच नव्हती. गिल्डमधले, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटातले कोणीतरी ही खतावणी बाहेर, स्वतःच्या वेळात लिहीत असे, आणि माझ्या मते गिल्डमधले सर्वांत मोलाचे माणूस तेच.

या पद्धतीतही खोट आहे. जुने सभासद गुण साठवत राहतात आणि नवख्याची पाळी येत नाही, म्हणून काही गिल्ड साठलेले गुण ठरावीक टक्क्यांनी घटवतात. काही ठिकाणी अनुभवी खेळाडूंचे मंडळच कोणाला काय द्यायचे ते ठरवते. गटाच्या बळासाठी हे उत्तम, पण मंडळावरचा विश्वास उडाला की गिल्ड फुटायला वेळ लागत नाही. तिसऱ्या प्रकारात वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेले खेळातले सोने सर्वांत वाटले जाते. त्यामुळे खऱ्या पैशाने सोने विकत घेण्याला उत्तेजन मिळते, अशी तक्रार असे. २०२४ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिकच्याच ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या आवृत्तीत खेळ चालवणाऱ्या कंपनीने या प्रकारावर बंदी घातली.

तेव्हा त्याच्या गिल्डमध्ये यांतले काय चालते, ते मुलाला विचारा. गुणपद्धत असेल तर या चार आठवड्यांत त्याची पुंजी वाढते आहे. लिलाव असेल तर सोन्याचा वाटा त्याला मिळतच असेल. आणि मंडळ असेल तर नवखा म्हणून तो बहुधा अजून रांगेत मागे उभा आहे.