दोन वर्षांची मुदत माल परत करण्यासाठी नसते

सांगलीच्या एका वाचकांनी ऑनलाइन लिलावात शास्त्रीय संगीताच्या जुन्या एलपी घेतल्या. चौदा रेकॉर्ड्सची एक पेटी २४,००० रुपयांना आणि पाच सुट्या रेकॉर्ड्स मिळून १४,००० रुपयांना. पार्सल दिवाळीच्या सुमारास आले. टर्नटेबल दुरुस्तीला गेले होते म्हणून ते बांधलेलेच कपाटावर राहिले, उघडले एप्रिलमध्ये. पेटीतल्या चार कव्हरांत भलत्याच रेकॉर्ड्स निघाल्या. 'पहिली छपाई' म्हणून घेतलेल्या दोन सुट्या रेकॉर्ड्स नंतरच्या छपाईच्या निघाल्या. तिसरी दिसायला चकचकीत, पण तार सप्तकात आवाज फाटतो. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर एका ओळीत उत्तर दिले की माल परत घेतला जाणार नाही, हे वर्णनात लिहिलेच होते. वाचक विचारतात, ग्राहक कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, मग मला उशीर कसा झाला?

जुना कॅमेरा, जुने घड्याळ, जुनी हार्मोनियम, वस्तू बदलते आणि हाच प्रश्न पुन्हा येतो. म्हणून आधी तेवढेच स्पष्ट करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ मधली दोन वर्षे ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्यासाठी आहेत. माल नाकारायची मुदत वेगळी असते आणि ती फार लहान असते. मालविक्री कायदा, १९३० चे कलम ४२ सांगते की माल ताब्यात ठेवून 'वाजवी वेळे'त तुम्ही नकार कळवला नाही, तर तुम्ही तो स्वीकारला असे धरले जाते. वाजवी वेळ म्हणजे किती दिवस, ते कायद्याने मोजून दिलेले नाही. कलम ६३ नुसार ते प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरते. पण पार्सलची दोरीही न सोडता काढलेले पाच महिने कोणत्याही आयोगासमोर वाजवी ठरवणे मला कठीण दिसते. ग्राहक कायद्यातसुद्धा सदोष माल परत न घेणे ही अनुचित प्रथा ठरते ती बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत.

तुम्ही म्हणाल, टर्नटेबलच नव्हते तर तपासणार कसे? मालविक्री कायद्याचे कलम ४१ (पुढची कलमेही याच कायद्याची) तपासणीची वाजवी संधी देते हे खरे. पण कव्हरात कोणती रेकॉर्ड आहे हे पाहायला टर्नटेबल लागत नाही. ती खिडकीपाशी उजेडात तिरकी धरा. शेवटची खाच आणि कागदी लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक, कोरलेला असतो. तो आणि लेबल जुळवून पाहिले की छपाई कोणती याचा बहुतेक उलगडा होतो. एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यातून एकेक लोकप्रिय एलपी पुढे कितीतरी वर्षे पुन्हा पुन्हा निघत राहिली आणि लेबले बदलत गेली, हे तुमच्यासारख्या शौकिनाला मी सांगायला नको. एकोणीस रेकॉर्ड्स तपासायला एक दुपार पुरली असती. ती तुम्ही काढली नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या दुपारी दोन ओळींचा ईमेल गेला असता तर प्रकरण तुमच्या बाजूने होते.

आवाज फाटणाऱ्या रेकॉर्डचे उलट आहे. झिजलेल्या सुईने खाचा खाल्ल्या असतील तर ते डोळ्यांना दिसेलच असे नाही, वाजवावेच लागते. तिथे उशिराला थोडे तरी कारण आहे. पण वर्णनात 'व्हीजी प्लस, फक्त पाहून ग्रेड दिली आहे, वाजवून पाहिलेली नाही' असे लिहिले होते. व्हीजी प्लस म्हणजे 'खूप चांगली'च्या एक पायरी वरची ग्रेड. ते वाचून तुम्ही बोली लावलीत. कलम ६२ प्रमाणे गृहीत अटी, म्हणजे न लिहिताही कायदा करारात धरतो त्या अटी, करारानेच वगळता येतात. विक्रेत्याला खराबी माहीत होती आणि ती त्याने दडवली, हे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. तसा पुरावा तुमच्या पत्रात नाही. त्या रेकॉर्डवर फार आशा ठेवू नका.

'पहिली छपाई' हे शब्द मात्र वर्णन आहेत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे ही कलम १५ ची अट आहे, आणि 'आहे तसा माल' किंवा 'परत नाही' या ओळीने ती आपोआप पुसली जात नाही, असे माझे मत आहे. म्हणजे जिथे विक्रेत्याची अट तुम्हाला अडवत नाही, तिथे तुमचा उशीर अडवतो. शिवाय हा उशीर पुराव्यावरही बसतो. पाच महिन्यांनी विक्रेता सरळ म्हणेल की रेकॉर्ड्स यांनीच बदलल्या, आणि पार्सल उघडतानाचा एकही फोटो तुमच्याकडे नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की मे महिन्यात पेटीतल्या दोन रेकॉर्ड्स मित्राला विकल्या. एप्रिलमध्ये 'माल परत घ्या' म्हणायचे आणि मेमध्ये त्यातलाच माल विकायचा, हे चालत नाही. मालक असल्यासारखे वागणे हासुद्धा कलम ४२ मध्ये स्वीकारच आहे. करार अविभाज्य असेल तर कलम १३(२) प्रमाणे काही भाग स्वीकारला तरी सगळा माल नाकारण्याचा हक्क जातो. पेटी एका बोलीत घेतली, तेव्हा ती परत देण्याचा विषय संपला असे समजा.

पाच सुट्या रेकॉर्ड्स मात्र यातून वाचतात. कलम ६४ नुसार लिलावात वेगवेगळे लॉट मांडले असतील तर प्रत्येक लॉट हा सकृद्दर्शनी स्वतंत्र करार असतो. पेटीतल्या विक्रीचा डाग त्यांना लागत नाही. त्या परत देणे उशिरामुळे अवघड आहे, पण माल स्वीकारला म्हणून भरपाई बुडत नाही. कलम ५९ खाली किमतीतला फरक मागता येतो. तुमची मागणी आता तीच असावी: दोन सुट्या रेकॉर्ड्स पहिल्या छपाईच्या म्हणून दिलेली किंमत, वजा प्रत्यक्षात आलेल्या छपाईचा भाव. पेटीतल्या चार भलत्या रेकॉर्ड्सबद्दलही फरक मागा, पण तिथे पुरावा दुबळा आहे हे मनाशी ठेवा. भाव दाखवताना झालेल्या विक्रीचे आकडे द्या, कोणी मागितलेले नव्हेत. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या संकेतस्थळावर छपाईनिहाय विक्रीचा इतिहास दिसतो, त्याच्या प्रती काढा.

आज करायचे काम असे. लेबल आणि मॅट्रिक्स नंबरचे जवळून फोटो काढा. लिलावाच्या पानाचे, बोलीचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपा. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले बरे. उरलेल्या रेकॉर्ड्स धुऊ नका, नव्या पाकिटांत घालू नका, कोणाला देऊ तर मुळीच नका. विक्रेत्याला स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, रकमेसह नोटीस पाठवा. त्याचा पत्ता नसेल तर लिलावाच्या कंपनीकडे लेखी मागा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे खरेदीनंतर ग्राहकाने लेखी विचारल्यास विक्रेत्याची माहिती देणे तिच्यावर बंधनकारक आहे. तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते.

मात्र हा विक्रेता नेमका कोण, ते आधी पाहा. तो नेहमी रेकॉर्ड्स विकत असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. वडिलांचा संग्रह एकदाच काढून टाकणारा कोणी असेल तर ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत, ग्राहक कायद्याखालीही वाद होऊ शकतो, आणि मग दिवाणी कोर्ट. एवढ्या रकमेसाठी मी तिथे जाण्याचा सल्ला देणार नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्यासाठी सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. दोन रेकॉर्ड्सच्या छपाईवरून तो दाखवणे कठीण आहे.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी ती मुभा दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकीलही सक्तीचा नाही. मित्राला दोन रेकॉर्ड्स विकल्याचे तक्रारीत स्वतःहून लिहा. तेवढ्याने तुम्ही व्यापारी ठरत नाही, पण लपवलेत तर समोरचा तेच पुढे करील.

कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. आयोगांवरच्या अध्यक्ष-सदस्यांच्या रिकाम्या जागांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. छोट्या रकमेच्या तक्रारदाराला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे, आणि विक्रेत्यांना तो नीट ठाऊक असतो. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे कधी कधी पत्रापत्रीतच मिटते. विक्रेत्याने फरकाची निम्मी रक्कम जरी देऊ केली तरी लेखी घेऊन ती स्वीकारा. नाहीच मिटले तर दोन वर्षांचा शेवटचा दिवस पार्सल उघडल्यापासून मोजू नका, ते हातात पडल्याच्या तारखेपासून मोजा.