मेंढ्यांना किडे पडतात तेव्हा : मेंढीपालकांचे प्रश्न आणि उत्तरे

कुत्रा चावलेल्या मेंढीच्या मांडीत किडे पडले. फिनेल ओतलं, वरचे किडे मेले. चार दिवसांनी बघतो तर आत पुन्हा वळवळ. कुठे चुकलं? – एक मेंढपाळ, माण

चूक फिनेलची. हे किडे डोकं मांसात खुपसून शेपटीकडच्या टोकाने श्वास घेतात आणि खात खात आत पोकळी करत जातात. फिनेल वरच्यांना मारतं, खालच्यांपर्यंत पोचत नाही. शिवाय जिवंत मांस भाजतं, ते सडतं आणि त्या वासाने नव्या माश्या येतात. रॉकेल, पेट्रोल आणि डांबरगोळीची पूड यांचंही तसंच. तीही जखमेत घालू नका.

उपचार असा करा. मेंढी प्लॅस्टिकच्या कागदावर आडवी पाडा. जखमेच्या कडेपासून चारी बाजूंनी दोन इंच लोकर कातरा, म्हणजे लोकरीखाली लपलेली दुसरी भोकं दिसतील. कुत्र्याचे दात एका जागी लागत नाहीत, त्यामुळे एक जखम सापडली म्हणून थांबू नका. भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन चोळा. टर्पेंटाइन तेलात भिजवून पिळलेली गॉजची पट्टी जखमेत भरा आणि दहा मिनिटं थांबा. किडे गुदमरून वर येऊ लागले की चिमट्याने एकेक काढा. बॅटरीच्या उजेडात पोकळीचा तळ दिसेपर्यंत काम सोडू नका. आत मेलेला किडाही सडतो.

मग जखम धुवा. एक लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात 9 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा मीठ घाला. बिनसुईच्या 20 मिलिच्या सिरिंजने हे पाणी आत सोडत राहा. पाणी स्वच्छ येऊ लागलं की आत पोव्हिडोन आयोडीनचं मलम भरा आणि जखमेच्या कडेने, कातडीवर, माशी हाकलणारं मलम लावा. टर्पेंटाइन पहिल्याच दिवशी वापरायचं. रोज घातलं तर जखम भरत नाही. डोळा, कास, योनी आणि लहान कोकरू यांना ते लावूच नका. तिथे मिठाचं पाणी आणि चिमटाच बरा. धुणं आणि मलम रोज चालू ठेवा. सलग तीन दिवस एकही किडा दिसला नाही, तरच जखम साफ झाली असं समजा.

डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. एक टक्क्याच्या औषधाचं प्रमाण 50 किलो वजनाला 1 मिलि, कातडीखाली. म्हणजे 25 किलोच्या मेंढीला अर्धा मिलि. खोल गेलेले मोठे किडे या इंजेक्शनने सगळे मरतीलच असं नाही, म्हणून हाताने काढणं टळत नाही. कत्तलीआधी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर वाचा.

काढलेले किडे जमिनीवर टाकू नका. ते मातीत शिरून कोष करतात आणि उन्हाळी-पावसाळी हवेत आठवड्याभरात त्यांच्या माश्या होतात. कडक गरम पाण्यात टाका.

तुमच्या मेंढीला कुत्रा चावलाय, त्यामुळे रेबीजची शक्यता धरूनच चाला. हातमोजे घातल्याशिवाय जखमेला हात लावू नका. असा चावा लागल्या लागल्या साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचा असतो. तुमच्याकडे चार दिवसांहून जास्त गेलेत, तरी आजच 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन करून लसीचं विचारा.

अंगावर जखम नाही, तरी शेपटीखालची लोकर ओली-काळी होऊन किडे पडतात. पावसाळ्यात आधीच काय करावं? – एक मेंढीपालक, जत

ही माशी जखमेत अंडी घालणाऱ्या माशीपेक्षा वेगळी, हिरवट चमकणारी. तिला जखम लागत नाही. हगवणीने किंवा मुताने भिजून कुबट झालेली लोकर तिला पुरते. अंडी घातल्यावर बारा ते चोवीस तासांत किडे बाहेर पडतात आणि आधी कातडी खरवडून खातात. पावसाची झड लागून लोकर दोन-तीन दिवस ओली राहिली की धोका वाढतो.

म्हणून उपाय लोकरीपासून सुरू होतो. पाऊस लागण्याआधी कातरणी उरका. मुख्य कातरणी जमली नाही, तर निदान शेपटी, गुदद्वार आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू चार बोटं रुंद साफ करा. गाभण मेंढ्यांचं हे काम विण्याच्या आधी करा. कातरताना कातडी कापली गेली, तर तिथल्या तिथे आयोडीन लावा. कातरणीतला बारीक काप हेच किडे पडण्याचं सगळ्यात दुर्लक्षित दार आहे.

हगवणीचं कारण शोधा. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताने दोन-चार दिवस पातळ लेंडी होते, ती आपोआप थांबते. पण कोकरं सतत हगत असतील, तर लेंडी तपासून जंताचं औषध द्या. नुसतं अंदाजाने पाजू नका.

खुरांकडेही बघा. चिखलात बेचक्यात चिरा पडतात आणि लाळ्या-खुरकुताच्या फोडांवरही माशी बसते. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट घालून उथळ खड्ड्यात मेंढ्या उभ्या करा. मोरचूद स्वस्त असलं तरी टाळा. मेंढीला तांब्याची विषबाधा लवकर होते आणि तहानलेली मेंढी ते पाणी पिते.

नव्या कोकराची नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून कापा आणि टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. पूर्ण सुकेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पुन्हा लावा. खच्चीकरण आणि कान टोचणं माश्या कमी असलेल्या कोरड्या हंगामात उरका.

संध्याकाळी मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना मागच्या बाजूला उभे राहा. जी मेंढी शेपटी सारखी झटकते, मागे वळून अंग चावते, पाय आपटते किंवा खांडापासून, म्हणजे कळपापासून, मागे राहते, ती लगेच पकडून तपासा. पुष्कळदा वास आधी येतो.

परदेशात मेंढ्यांच्या शेपट्या कापतात. आपणही कापाव्या का? – एक वाचक, फलटण

नको. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोला दाट लोकर आणि सुरकुत्यांची कातडी असते, शेपटीभोवती घाण अडकते, म्हणून तिथे ते करतात. शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याच्या पद्धतीवर न्यूझीलंडने 2018 मध्ये बंदीही घातली. दख्खनी आणि माडग्याळ या आपल्याकडच्या जातींची शेपटी मुळात आखूड आणि बारीक. ती कापली, तर जखमेतच अंडी घालणाऱ्या माशीला आपण जागा करून देऊ.

मेंढी शिंकते, नाकातून शेंबूड आणि कधी जाड किडा पडतो. हाही तोच प्रकार का? – एक वाचक, संगमनेर

नाही. ही नाकातली माशी. ती अंडी नव्हे, जिवंत बारीक किडेच नाकपुडीशी सोडते. ते कपाळाच्या पोकळीपर्यंत चढतात. मेंढ्या दुपारी नाक एकमेकींच्या अंगाखाली खुपसून उभ्या राहतात ते याच माशीला चुकवायला. नाकात तेल किंवा टर्पेंटाइन घालू नका, ते फुफ्फुसात उतरतं. यावर आयव्हरमेक्टिन चांगलं चालतं, वरच्याच प्रमाणात, पण लक्षणं दिसणाऱ्या एकीलाच देऊन भागत नाही. सगळ्या खांडाचा विचार डॉक्टरांबरोबर करा.