पेपर वाचता येतो, हे मुलाखतीत दिसतं

प्रश्न : मी नांदेडला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे पीएच.डी. करायची आहे. बायोआर्काइव्ह, पबपिअर अशा साइट्सवर शोधनिबंध (पेपर) आणि त्यांवरच्या चर्चा वाचायची मला सवय लागली आहे. आमचे सर म्हणतात, तेवढ्या वेळात नेट परीक्षेचा अभ्यास कर. हा वेळ वाया जातोय का?

उत्तर : नेट महत्त्वाची आहेच, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मुख्यतः त्यावर मिळते. सरांचं तेवढं ऐकच. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘अलीकडे कोणता पेपर वाचलास आणि त्यात काय खटकलं?’ असं हमखास विचारतात. तिथे बरीच हुशार मुलं गप्प होतात, कारण छापून आलेल्या पेपरवर शंका घ्यायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ती सवय तुला आपसूक लागते आहे, सोडू नकोस.

जानेवारी २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये जपानमधल्या स्टॅप पेशींचे पेपर आले. साध्या पेशी सौम्य आम्लात ठेवल्या की त्या मूलपेशींसारख्या होतात, असा दावा होता. काही दिवसांतच पबपिअरवर वाचकांनी चित्रांवर बोट ठेवलं. पुढे चौकशीत निघालं की जेलच्या (डीएनएसारखे रेणू वेगळे करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या थराच्या) एका छायाचित्रात एक लेन, म्हणजे पट्ट्यांची एक रांग, दुसरीकडून आणून चिकटवली होती आणि काही चित्रं लेखिकेच्या प्रबंधातली होती. जुलैमध्ये पेपर मागे घेतले गेले. जेलचा फोटो कसा पाहायचा हे तुलाही प्रॅक्टिकलमध्ये शिकवलंय. त्या वाचकांनी तेच केलं.

आपल्याकडचं उदाहरण २०२०चं. आयआयटी दिल्लीच्या एका गटाने नव्या करोनाविषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे असल्याचा प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचा शोधनिबंध) बायोआर्काइव्हवर टाकला. ते तुकडे इतके छोटे आहेत की असं साम्य इतर अनेक प्रथिनांतही सापडतं, हे शास्त्रज्ञांनी तिथेच खाली लिहिलं आणि दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. प्रीप्रिंटची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नसते, हे कायम लक्षात ठेव.

मात्र नुसतं स्क्रोल करत राहिलीस तर सरांचं म्हणणं खरं ठरेल. आठवड्याला एकच पेपर घे. ‘ईलाइफ’ हे नियतकालिक पेपरसोबत तज्ज्ञांचे अभिप्रायही जाहीर करतं. आधी ते उघडायचे नाहीत. पेपर वाचून कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता हवा होता, नमुने पुरेसे होते का, हे वहीत लिही. मग अभिप्राय उघड आणि तुझं काय सुटलं ते बघ. याच्याइतका चांगला क्लास मला माहीत नाही, आणि तो फुकट आहे.

पेपरशेजारी दिसणाऱ्या अल्टमेट्रिकच्या रंगीत चक्रातला आकडा बघून पेपर निवडू नकोस. बातम्यांत आणि सोशल मीडियावर किती बोललं गेलं एवढंच तो सांगतो, आणि चुकीच्या पेपरवरही बरंच बोललं जाऊ शकतं.

स्वतः लिहावंसं वाटलं तर जरूर लिही, पण आरोप करू नकोस, प्रश्न विचार. ‘चित्र ३मधली दुसरी आणि पाचवी पट्टी सारखी दिसते, मूळ छायाचित्र पाहायला मिळेल का?’ एवढं पुरतं. पबपिअरवर नाव न देता लिहिता येतं. तरी जे नावानिशी लिहायला कचरशील ते लिहूच नकोस. प्रीप्रिंटवरचे अभिप्राय मात्र नावाने लिही आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख दाखवणारा क्रमांक) आत्ताच काढून ठेव. अर्जात असे दोन-तीन नेटके अभिप्राय दाखवता आले तर तुझं वाचन गाइडला आधीच कळेल.

आणि सरांनाच विचार, शनिवारी अर्धा तास वर्गात जर्नल क्लब, म्हणजे एक पेपर मांडून त्यावर चर्चा, घेऊ का? पहिला पेपर तू मांड.