पाट्यांच्या मदतीला हवा: पिकअपच्या मागच्या एअरबॅगविषयी वाचकांचे प्रश्न

स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या एअरबॅगशी या प्रश्नांचा संबंध नाही. इथे विषय आहे तो चासी आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये, पाट्यांना (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना) हातभार लावायला बसवलेल्या रबरी पिशवीचा. बसच्या गॅरेजात तिलाच ‘बेलो’ म्हणतात.

प्रश्न : इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला बॅगा बसवून घेतल्या. बोटीचा ट्रेलर भरून १२०० किलो, शिवाय हौद्यात १५० किलो सामान. पुणे ते मालवण किती पीएसआय (हवेचा दाब) ठेवू? गॅरेजवाला ६० म्हणतो.

गॅरेजवाल्याने गाडी मोजली का? मोजली नसेल तर त्याचा ६० हा अंदाजच. बॅगेतली हवा मेजर टेपने ठरते, गेजच्या काट्याने नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, टायरची हवा नेमकी असू द्या आणि बॅगांत ५ पीएसआय ठेवा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. मग सामान चढवा, ट्रेलर जोडा, पुन्हा मोजा. समजा मागचे माप ५४० वरून ५०० वर आले आणि पुढचे १० मिमीने वाढले. आता दोन्ही बाजूंना ५-५ पीएसआय वाढवत जा, दर वेळी गाडी जरा पुढेमागे हलवून मोजा आणि ५२० ते ५२५ला थांबा. ५४० गाठायचा हट्ट नको. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच वर असतो, तो तसाच परत आणला तर भार पाट्यांवरून उठून बॅगेवर जातो. तुमच्या भाराला, पिशवीच्या आकारानुसार, बहुधा १५ ते २५ पीएसआयमध्ये काम भागेल. जो आकडा निघेल तो डिझेलच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

ट्रेलरच्या तोंडाचा, म्हणजे हुकावर बसणाऱ्या टोकाचा, भारही एकदा मोजा. न्हाणीघरातला १५० किलोचा वजनकाटा, त्यावर लाकडी ठोकळा आणि तोंड गाडीच्या हुकाइतक्या उंचीवर, एवढे पुरे. भार १२० किलोच्या आसपास असावा, म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्के. कमी भरला तर बोट पुढे सरकवा. तोंड हलके असलेला ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो आणि त्यावर बॅगेचा काही इलाज नाही.

भार चढल्यावरच हवा भरायची, उतरल्यावर ५ पीएसआयपर्यंत सोडायची. जुन्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सल आणि चासीमधल्या अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. बॅगेने मागचा भाग जास्त उचलला की त्याला गाडी रिकामी वाटते, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक हलके लागतात.

प्रश्न : बॅगा आहेत, मग हौद्यात ५०० किलो जास्त टाकता येतील ना?

नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आहेत तेच आहेत. आरसीवरचे एकूण वजन बॅगेने बदलत नाही. ‘५००० पौंड क्षमता’ हा खोक्यावरचा आकडा पिशवीचा आहे, गाडीचा नाही.

प्रश्न : मेलबर्नला राहतो. डबल कॅब पिकअप, २४०० किलोचा कॅराव्हॅन (ओढून न्यायचे चाकांवरचे घर). बॅगांमुळे चासी वाकते असे इथे बरेच जण सांगतात. खरे आहे का?

भीती अनाठायी नाही. पाटा आपला भार चासीला दोन ठिकाणी देतो, पुढच्या पिनेवर आणि मागच्या शॅकलवर (झुलत्या कडीवर). या दोन बिंदूंमध्ये मीटरभराहून जास्त अंतर असते. बॅग मात्र ॲक्सलच्या वर एकाच जागी चासीला रेटते. हवा जितकी जास्त, तितका भार दोन टोकांवरून निघून त्या एका बिंदूवर येतो. मागे लोंबणारा हौदा आणि हुकावरचे वजन त्याच बिंदूभोवती चासीला खाली ओढतात. त्यात रस्त्यातला खोलगट भाग वेगात लागला, की चासी कॅब आणि हौद्याच्या फटीपाशी वाकते.

आता हिशेब पाहा. तोंडाचा भार २४० किलो, हूक ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, चाकांमधले अंतर ३.१ मीटर. पुढच्या चाकांवरून सुमारे ९३ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर २४० नव्हे, ३३३ किलो येतात. बॅगेने मागचा भाग वर येईल, गाडी डोळ्यांना सरळ दिसेल, पण ते ९३ किलो पुढे परत जात नाहीत. स्टिअरिंग हलकेच राहते. वजन पुढे ढकलायचे काम दांड्यांच्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे आहे. तो तुमच्या गाडीला आणि कॅराव्हॅनला चालतो का, हे दोन्हींच्या पुस्तिकांत पाहून घ्या.

कॅनपी (हौद्यावरचे टप), ड्रॉवर, दुसरी बॅटरी असे दोनेकशे किलो कायमचे गाडीवर असतील तर आमच्या मते बॅग हा चुकीचा खर्च आहे. जड पाट्यांचा संच घाला. बॅग येत्या-जात्या भारासाठी ठेवा.

प्रश्न : ओढा ओलांडताना मागचे एक चाक लोंबकळले आणि त्या बाजूची बॅग खालच्या प्लेटपाशी उखडली. दोन्ही बॅगा टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकाच नळीवर आहेत. चूक कुठे?

बॅग वर-खाली दोन्हीकडे बोल्टने आवळलेली असली आणि चाक तिच्या लांबीपेक्षा खाली गेले, की अख्ख्या ॲक्सलचे वजन रबरावर लोंबते. चासीला जॅक लावा, चाके पूर्ण लटकू द्या आणि दोन प्लेटांमधले अंतर मोजा. किटच्या कागदावरच्या कमाल लांबीपेक्षा ते जास्त असेल तर ॲक्सलला मर्यादा पट्टा घाला, नाहीतर बॅग खालून सुटून पुन्हा बसेल असा पाळणा लावा. लिफ्ट केलेल्या (उंची वाढवलेल्या) गाड्यांत हा घोटाळा हमखास होतो.

खडकाळ वाटेवर रिकाम्या गाडीत हवा ५ ते १० पीएसआय ठेवा. ३०-४० ठेवली तर ॲक्सल तिरका होत नाही आणि चाक हवेत राहते. मात्र शून्यही नको. रिकामी पिशवी दोन प्लेटांत चिमटून फाटते (आत रबरी ठोकळा असलेल्या बॅगा याला अपवाद). बऱ्याच किटमध्ये मूळ बंप स्टॉप (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) काढलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

टी काढून टाका. उतारावर आडवे जाताना खालच्या बाजूची दबलेली हवा वरच्या बॅगेत पळते आणि गाडी अधिकच कलते. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. आणि चिखलातून आल्यावर बॅगेची घडी पाण्याने धुवा. तिथे अडकलेला एक खडा महिन्याभरात रबर कापतो.

प्रश्न : एका बाजूची हवा रात्रीत २५ची १५ होते. बॅग बदलू?

आधी साबणाचे पाणी फवारा: व्हॉल्व्हचा वायसर, नळीचे दोन्ही जोड, मग पिशवीच्या कडा. दोष बहुतेकदा जोडात निघतो. नळी पक्कडीने कापली की तोंड चपटे होते आणि आतली रिंग धरत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, टेकेपर्यंत आत ढकला आणि ओढून पाहा. नळी आणि बॅग सायलेन्सरपासून १५० मिमी लांब हवी, नाहीतर मध्ये पत्रा लावा. पूर्ण हवेत बॅगेभोवती १२-१५ मिमी मोकळी जागा राहते का आणि ब्रेकची नळी घासते का, हेही खाली वाकून पाहा.

पिशवीत हवा थोडीच असते, त्यामुळे गेज लावतानाच २-३ पीएसआय निसटतात. दिवसातून तीनदा तपासाल तर गळती तुम्हीच केलेली असेल.