घोड्याचा फ्लोट ओढायला गाडी कुठली? परभणीच्या डॉक्टरांना उत्तर

डॉक्टर दादा,

चार दिवस झाले, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. तुम्ही परभणीचे पशुवैद्यक. पुढच्या वर्षी वहिनी आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन इकडं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात येताय, आणि लेकीला घोड्याचं वेड. दोन घोड्यांचा ट्रेलर धोका न पत्करता ओढेल अशी जुनी गाडी कुठली, असं विचारलंत. शेवटी हळूच एक ओळ टाकलीत, ‘एकटं वाटतं का हो तिकडं?’ मी लोह्याकडचा. नांदेडात डिझेल मेकॅनिक होतो, इथं बॅलरॅटजवळ अकरा वर्षं तेच करतोय. व्हिसा, तुमची परीक्षा, लायसन्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

एकटेपणाचं आधी उरकतो. वाटतं. सवय होते. झालं.

आता गाडी. इथं घोड्याच्या ट्रेलरला फ्लोट म्हणतात. माळेगावच्या यात्रेला घोडा कसा येतो ते तुम्ही पाहिलंच असेल. पिकअपमध्ये खाली कडबा, वर घोडा, पुढ्यात दोर धरून एक माणूस. तिथं घोडा गाडीच्याच अंगावर असतो. फ्लोटमध्ये तो मागच्या वेगळ्या डब्यात उभा राहतो. सिमेंटच्या पोत्यासारखं गप्प बसणारं हे वजन नव्हे. तो पाय बदलतो, मान फिरवतो, वळणावर तोल सावरतो. त्याचं वजनही वरच्या अंगाला, छातीपोटात. गाडी किती ओढते हे विकणारा सांगेलच. उतारावर मागून ढकललं गेल्यावर ती ताब्यात राहते का, ते तुम्ही बघायचं.

दोन घोड्यांचा रिकामा फ्लोट साधारण १००० ते ११०० किलो. ५०० किलोचे दोन घोडे, खोगीर, पाणी, गवताची गाठ धरली की २२०० च्या घरात जातो. म्हणजे ज्या गाडीची ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची मर्यादा १५०० किंवा २००० आहे, ती कितीही चकचकीत असली तरी बाद. इथल्या बहुतेक डिझेल डबल कॅब यूट (आपल्या पिकअपसारख्या, पण ड्रायव्हरच्या मागं सीटची आणखी एक रांग असणाऱ्या) ३५०० पर्यंत जातात, पजेरो स्पोर्ट ३१००. पण नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या गाडीत वर्ष बदललं, गिअरबॉक्स बदलला की आकडाही बदलतो. शिवाय टो बारवर (गाडीच्या मागचा, फ्लोट अडकवायचा दांडा) आकडा लिहिलेला एक पत्रा असतो, ती मर्यादा वेगळी. टो बॉलची, म्हणजे त्या दांड्यावरच्या गोळ्याची, वेगळी. सगळ्यांत जो आकडा लहान, तो तुमचा.

बॉलवर येणारा भार फ्लोटच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे आपल्या हिशेबात २२० किलो. कमी असला तर फ्लोट शेपटी हलवायला लागतो. जास्त असला तर काय होतं, ते आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. उसाच्या ट्रॉलीत माल पुढं जास्त भरला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर वळवतो. तुमच्या गाडीची चाकं हवेत जाणार नाहीत, पण हलकी होतात, आणि पावसात स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते.

आणि जीसीएम. गाडी आणि फ्लोट मिळून जास्तीत जास्त किती वजन चालतं, तो आकडा. जाहिरातीत ३५०० मोठ्या अक्षरात असतं, जीसीएम पुस्तकात शोधावा लागतो. समजा तो ५८५० आहे. मागं ३५०० लावले तर गाडीला उरले २३५०. रिकामी यूटच २१०० च्या आसपास भरते. राहिलेल्या अडीचशे किलोत तुम्ही, वहिनी, लेक, डबे आणि हौसेनं बसवलेला बुलबार, म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड. म्हणून २२०० ओढायचे असतील तर ३००० च्या वरची गाडी घ्या म्हणतो. हात राखून.

ब्रेकचा नियम सोपा आहे. ७५० किलोपर्यंत फ्लोटला ब्रेक नसला तरी चालतं, त्यावर लागतोच. २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि फ्लोट सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर हाताशी येईल असा बसवून घ्या. फ्लोट झोकांड्या खायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरनं फक्त फ्लोटचे ब्रेक हळूहळू लावायचे.

हे मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो कसा ते ऐका. इथं आल्यावर मी पहिली गाडी घेतली ती गावाकडं फोटो पाठवायला. पांढरी, छोटी एसयूव्ही, मर्यादा १५००. पुढं माझ्या लेकीसाठी एक जुनी घोडी घेतली, ४०० किलोची, आणि एकाकडून जुना फ्लोट. हजार अधिक चारशे, कागदावर बसतंय. बॅलरॅटकडून येताना बॅकस मार्शच्या अलीकडं पेंटलँड हिल्सचा लांब उतार आहे. तिथं शेजारून मोठा ट्रक गेला आणि आरशात फ्लोट एकदा डावीकडं दिसला, एकदा उजवीकडं. मागच्या सीटवर लेक. कंट्रोलर नव्हता. जुन्या पद्धतीचा ढकलब्रेक (फ्लोट गाडीला मागून ढकलतो तेव्हा लागणारा), त्याची केबल गंजलेली, आणि दुसऱ्यांच्या गाड्या तपासून पगार घेणाऱ्या मी ती तपासली नव्हती. ॲक्सिलरेटर सोडून नुसता बसून राहिलो. सावरलं. कडेला उतरून दार उघडलं तर घोडीच्या मानेवरून घाम टपकत होता. मी तिला डाव्या बाजूला बांधलं होतं. इथंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, म्हणून एकटा घोडा उजवीकडं, ड्रायव्हरच्या बाजूला उभा करायचा. हे मला नंतर एका म्हातारीनं सांगितलं, रागावून.

त्या रात्री फ्लोटमधली रबराची चटई उचलली. खाली लाकडी फळ्या. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, पेंडीत जावा तसा. घोड्याच्या मुतानं कुजल्या होत्या. तेव्हा जुना फ्लोट घेताना चटई उचलल्याशिवाय पैसे देऊ नका. टायरची नक्षी बघून भुलू नका, तारीख बघा. फ्लोटचे टायर झिजून नाही, उभ्यानं म्हातारे होऊन फुटतात.

घोडी का घेतली, ते तुम्ही विचारलं नाहीत. शाळेमुळं. लेक तिसरी पास होऊन आली. तेराचा पाढा तोंडपाठ, नाव ज्ञानेश्वरी. पासपोर्टवर ‘डी-एन-वाय’, नगर परिषदेच्या जन्मदाखल्यावर ‘जी-वाय’. त्या दोन अक्षरांपायी तीन प्रतिज्ञापत्रं, सात महिने आणि गावच्या भावाच्या सतरा चकरा. (तुमच्या लेकीच्या नावात ‘ज्ञ’ नसेल तर पांडुरंगाचे आभार माना, तरी स्पेलिंग आजच ताडून घ्या.) इतकं करून नाव एक केलं, आणि शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना ते म्हणता येईना, तर ‘डी’ करून टाकलं. वाचनाला तिला पाच वर्षांच्या लेकरांच्या गटात बसवलं. एका पानाला एक चित्र आणि चार शब्द. ती ते पुस्तक घरी आणायची आणि उशीखाली लपवायची. मी भेटायला गेलो, इंग्रजी अडखळलं, हसून ‘थँक्यू’ म्हणून परत आलो. त्या थँक्यूची अजून लाज वाटते. शेजारच्या शेतात घोडे होते, तिथं कुणी तिला वाचायला लावत नव्हतं. म्हणून घोडी.

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, वरातीची घोडी होती. पंचकल्याणी. माझ्या एजंटची फी भरायला त्यांनी ती माळेगावात विकली, आणि घरी सांगितलं की भोवरा वाईट होता. मी इथं लेकीला घोडी घेतली हे त्यांना दोन वर्षं सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी व्हिडिओ कॉलवर मागं फ्लोट दिसला. त्यांनी विचारलं, ‘तळ लाकडाचा का लोखंडाचा?’ मी म्हटलं, आता ॲल्युमिनियमचा घातलाय. ‘बरं केलं,’ म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले. घोडी कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही, मीही अजून सांगितलेलं नाही.

तर वरती ‘सवय होते’ लिहिलंय, ते अर्धंच खरं. फ्लोटचं दार लावताना मी घोडीशी मराठीत बोलतो. घरात लेक इंग्रजीत उत्तर देते.

असो. फोर बाय फोरच घ्या, स्पर्धेचं मैदान ओलं असतं आणि भरलेला फ्लोट चिखलातून बाहेर काढायचा असतो. डिझेल, ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सला वेगळा कूलर. गाडी आली की फ्लोट लावून, घोडे आत घालून सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. कारखान्यावर ऊस घालतो तसं, आधी सगळं मिळून, मग घोडे उतरवून, फ्लोट सोडून नुसती गाडी. संध्याकाळी कांगारू आडवे येतात, अंधार पडायच्या आत घरी या.

गाडी आवडली की पैसे द्यायच्या आधी तिचा व्हीआयएन (म्हणजे चेसिस) नंबर आणि टो बारच्या पत्र्याचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो. शनिवारी मात्र फोन लागणार नाही, शनिवारी लेकीचा पोनी क्लब, म्हणजे पोरांचा घोडेस्वारीचा क्लब असतो.