आधी कोण कोणाला खातं ते बघ

प्रिय पोरी,

कोण कोणाला खातं या अन्नजाळ्यावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. नकाशे नेटके आहेत, वेळापत्रकही जमलंय. पण पहिलंच वाक्य खोडून टाक. 'जितक्या प्रजाती जास्त, तितकं अन्नजाळं भक्कम' हे तू इतक्या बिनधास्त लिहिलंयस, की पुढे काही शोधायचं उरतच नाही.

हे वाक्य तुझं एकटीचं नाही म्हणा. १९५८ साली चार्ल्स एल्टन या इंग्रज परिसरशास्त्रज्ञानं साधारण असंच मांडलं होतं: किडींचे उद्रेक होतात ते एकाच पिकाच्या शेतात, गच्च मिश्र जंगलात क्वचित. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मग १९७२ मध्ये रॉबर्ट मे यांनी गणित केलं आणि सगळ्यांची पंचाईत झाली. प्रजाती वाढवत जा, दुवे वाढवत जा, दुव्यांची ताकद मात्र तेवढीच ठेव; एका मर्यादेपुढे ते जाळं डळमळायला लागतं. म्हणजे नुसती संख्या वाढली तर आधार सोड, उलटा भारच. फक्त मे यांच्या जाळ्यात कोण कोणाशी जोडलंय हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं होतं. शिवारात तसं नसतं. १९९८ साली केव्हिन मॅककॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मोजके दुवे घट्ट आणि बाकीचे पुष्कळ सैल असले, तर ते सैल दुवेच हेलकावे जिरवतात. खाणाऱ्याकडे दुसरं काही खायला असलं की एकाच भक्ष्यावर सगळा ताण येत नाही. ते कमी झालं की खाणारा दुसरीकडे वळतो आणि त्या भक्ष्याला सावरायला उसंत मिळते.

आता आपल्याकडचं उदाहरण घे. तुझ्या जन्माच्या आसपास, २००२ मध्ये, सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, तिच्यातून टपकणारा चिकटा, आणि त्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी. वरून बघितलं तर काजळी धरल्यासारखा ऊस. लोक पंप घेऊन धावले, पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून पानाच्या पाठीवर औषध मारायचं कसं? शेवटी कामाला आले ते मावा खाणारे किडे: डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस. डिफाची अळी माव्याच्या घोळक्यातच रेशमाची जाळी विणून बसते आणि तिथूनच एकेक मावा फस्त करते. अळ्या असलेले पानांचे तुकडे कापून दुसऱ्या शेतातल्या पानांना टाचले गेले. मित्रकीटक दिसत असतील तिथे फवारू नका, असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं, कारण औषधाला मित्र कोण नि शत्रू कोण ते कळत नाही. त्या काळात कोणी एखाद्या फडातल्या किड्यांची नुसती यादी केली असती, तर डिफा तिच्यात एक ओळ म्हणून आली असती, बस्स.

म्हणून यादीवर माझा भरवसा नाही. चिलापी बघ. मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. ती एखाद्या तळ्यात शिरली त्या दिवशी तिथल्या माशांच्या यादीत एकाची भर पडली. तळं भक्कम झालं का?

दुसरी गोष्ट. 'स्थैर्य' हा शब्द तू पानोपानी वापरलायस, पण स्थैर्य कशाचं ते कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड टिल्मन यांच्या गवताच्या वाफ्यांवर १९८७-८८ मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा जास्त प्रजातींच्या वाफ्यांत गवताची घट कमी झाली. पण त्याच वाफ्यांत एकेका प्रजातीचं प्रमाण मात्र भरपूर वरखाली होत राहिलं. एकूण गवत टिकलं, जो तो टिकलाच असं नाही. तू काय मोजणार आहेस, एकूण की एकेक? की २०१९ सारखा पंचगंगेचा महापूर ओसरल्यावर बांधावर कोण किती दिवसांत परत येतं ते? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत. आणि स्थिर म्हणजे चांगलं असंही धरून चालू नकोस. केंदाळानं पूर्ण झाकलेलं तळंही चांगलंच स्थिर असतं. केंदाळ काढा, पाण्यात सांडपाण्याचं खत तेवढंच राहिलं तर ते पुन्हा पसरतं.

राधानगरीचा मोह सध्या आवर. गवा, अस्वल, बिबट्या बघायला कोणाला आवडणार नाही, पण तिथे वनखात्याची परवानगी, लांबचा पल्ला, आणि हाती पुरावा म्हणून विष्ठा. त्यापेक्षा वडणगे-आंबेवाडीच्या बाजूला उसाचा एक बांध धर. शक्यतो एकीकडे पाचट जाळणारा शेतकरी आणि दुसरीकडे पाचट सरीत कुजवणारा. कुजवणाऱ्यांकडे तुझ्या आराखड्यात साफ दुर्लक्ष झालंय. अन्नजाळ्याचा मोठा हिस्सा मेलेल्या पाल्यावर जगतो. गांडूळ, वाळवी, बुरशी नसली तर वरच्या मजल्यावर पोचायला काही उरणार नाही.

घुबडं असतील तर शोध. गव्हाणी घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळ्या करून ओकतं. जुन्या पडीक वाड्यात, आढ्याखाली मिळतील. कोमट पाण्यात भिजव, चिमट्यानं सोडव, कवट्या वेगळ्या काढ. उंदराच्या जबड्यात पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते, चिचुंद्रीच्या तशी नसते. खाल्लं काय त्याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही, शिवाय कोणाला मारावं लागत नाही.

आणि एक तरी प्रयोग कर. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खडकांवरचे तारामासे उचलून समुद्रात फेकले आणि शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली. १५ प्रजातींच्या ८ राहिल्या. १९६६ साली त्यांनी हे छापलं. एक खाणारा काढला की काय होतं हे त्यांनी अंदाजानं सांगितलं नाही, काढून बघितलं. तुला कोणाला फेकायची गरज नाही. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, चार-सहा ठिकाणी जाळी टाक, पक्ष्यांना आत येता येणार नाही अशी, आणि तेवढेच तुकडे उघडे ठेव. दोन्हीकडे माती खणून हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, मोज. मशागतीच्या वेळी गायबगळे आणि साळुंक्या हुमणीवर तुटून पडतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानं हुमणी खरोखर किती कमी होते, हे तुला आकड्यांत सांगता आलं तर तेवढ्यावर प्रबंध उभा राहील. निकाल 'काही फरक पडला नाही' असा आला तरी लाजू नकोस. तो दुवा सैल आहे एवढं तरी कळलं.

वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात आणि बाभूळ, कडुनिंबावर जमतात. वर्षातून एकदाच. तेव्हा बॅटरी घेऊन झाडाखाली उभं राहायचं आणि कोण टिपायला येतं ते लिहायचं: वटवाघूळ, पिंगळा, बेडूक, जे येईल ते. त्यामुळे जाळ्या, वही आणि शेतकऱ्याची परवानगी एप्रिलच्या आत तयार हवी. आराखडा दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात पाठव, आणि त्यात 'कोण कोणाला खातं' हा तक्ता पहिल्या पानावर असू दे. रिकामा असला तरी चालेल.

तुझे,
सर